टाकी भरलेली, तरी दिवा लुकलुकतोय

माझी सगळी नोकरी कंट्रोल पॅनेलसमोर गेली. प्रेशर, तापमान आणि फ्लो मोजणारी इन्स्ट्रुमेंट्स तपासायची, कॅलिब्रेट करायची, अलार्म आला तर तो का आला ते शोधायचं, हे माझं काम. त्या कामाने एक सवय अंगी बाणली. पॅनेलवर 'टाकी रिकामी' असा अलार्म आला की टाकी रिकामी आहे असं लगेच धरून चालायचं नाही. टाकी रिकामी आहे असं सेन्सरला वाटतंय, एवढंच धरायचं, आणि मग टाकीही बघायची, सेन्सरही बघायचा.

घरातल्या कॅप्सूल कॉफी मशीनला (कॉफीची पूड भरलेली छोटी बंद डबी, म्हणजे कॅप्सूल, घालून कप काढतात ते) हीच सवय लागू पडते, आणि ती नसल्यामुळे कितीतरी चांगली मशीन्स अडगळीत जातात असं माझं मत आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

परवाचंच घ्या. घर बरेच दिवस बंद होतं. परत आल्यावर मुलीने टाकी धुऊन भरली, मशीन चालू केलं, दिवा नेहमीसारखा लुकलुकून स्थिर झाला. म्हणजे हीटर तापला होता. तिने बटण दाबलं तर मशीन खडखडायला लागलं, कपात थेंब नाही, आणि थोड्या वेळाने सगळे दिवे भराभर लुकलुकायला लागले.

"आई, पाणी संपल्याचं दाखवतंय. पण टाकी तर काठोकाठ भरलीये!"

"टाकीत आहे गं, पण पुढे पोचतंय का ते बघू," म्हटलं.

बऱ्याच छोट्या मशीन्समध्ये टाकीतलं पाणी बघणारा सेन्सरच नसतो. आत असतं ते फ्लो मीटर. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत प्लॅस्टिकचं एक चिमुकलं चाक असतं, त्यात लोहचुंबक बसवलेलं असतं. पाणी वाहिलं की चाक फिरतं, आणि शेजारी बसवलेला हॉल सेन्सर ते चुंबक समोरून गेलं की एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, पाठवतो. मशीन हे पल्स मोजतं. एस्प्रेसोसाठी (छोटा कप) साधारण ४० मिलिलिटर आणि लुंगोसाठी (मोठा कप) ११० मिलिलिटर पाणी सोडून पंप अचूक थांबतो तो या मोजणीमुळेच. आता पंप चालू आहे आणि पल्स येत नाहीत, असं झालं की मशीनला एकच अर्थ लावता येतो: पाणी नाही.

पण पल्स न येण्याची कारणं निदान चार. टाकीच्या बुडातून पाणी उतरत नसेल. पंपात हवा अडकली असेल. पाणी वाहतंय पण चाकच क्षाराच्या कणाने किंवा शेवाळाच्या बारीक तंतूने अडलं असेल. किंवा पुढची वाट बंद असेल, म्हणजे हीटरमध्ये, सुयांमध्ये किंवा कॅप्सूलमध्ये काहीतरी तुंबलं असेल. चार दुखणी आणि दिवा मात्र एक. दिव्याकडे कितीही वेळ बघत बसलं तरी यातलं कुठलं ते कळणार नाही.

कळतं ते कानाला. या मशीन्समध्ये बहुधा व्हायब्रेशन पंप असतो. तारेची कॉइल, तिच्या मधोमध छोटा दट्ट्या आणि त्याला मागे ढकलणारी स्प्रिंग. कॉइलला डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, वीज मिळते, त्यामुळे ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. पंपात पाणी असलं की घुमल्यासारखा, खालच्या पट्टीतला आवाज येतो. पाणी नसलं की तोच पंप मोठ्याने खडखडतो, सगळं मशीन ओट्यावर थरथरतं. आणि पाणी आहे पण पुढे वाट नाही, असं असलं तर आवाज दबतो, जड होतो, दमल्यासारखा वाटतो. हे तीन आवाज एकदा ओळखता आले की अर्धं निदान झालं. मशीन ठणठणीत असतानाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. बिघाड झाल्यावर तुलनेला काहीतरी हाताशी असतं.

आमचा आवाज कोरडा होता. म्हणजे पाणी पंपापर्यंत येतच नव्हतं, किंवा पंपात हवा होती.

आधी टाकी काढली. टाकीच्या बुडाशी एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. टाकी जागेवर बसवली की मशीनमधला खुंटा तो व्हॉल्व्ह वर ढकलतो आणि पाणी खाली उतरतं. टाकी उचलली की तो आपोआप मिटतो, म्हणून भरलेली टाकी नेताना पाणी सांडत नाही. टाकी सिंकवर धरून हा व्हॉल्व्ह बोटाने दाबला. जाडसर, सलग धार पडली. व्हॉल्व्ह ठीक. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती उजेडात धरून बघितली, तिच्यावर पांढरी पापडी नव्हती. मग मशीनच्या बाजूचं भोक बघितलं, जिथे टाकी बसते तिथलं. त्याच्या भोवती काळ्या रबराचं कडं असतं. ते वाकडं झालं किंवा वाळून चिरलं तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. बोट फिरवून पाहिलं, कडं मऊ आणि सलग होतं, पण भोकातलं पाणी आटून गेलेलं होतं.

इतके दिवस बंद राहिल्याने नळीतलं पाणी निघून गेलं होतं, पंपात हवा भरली होती. व्हायब्रेशन पंपाला हवा झेपत नाही. दट्ट्या एका फेऱ्यात अगदी थोडं पाणी हलवतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते पुढचा व्हॉल्व्ह उघडून निघून जातं. हवा मात्र दाबली जाते, पुन्हा फुगते, आणि जागची हलत नाही. हातपंप चालू करायच्या आधी त्यात वरून पाणी ओतावं लागतं, तसंच हे.

म्हणून टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली, कारण जितकं पाणी वर तितका खाली दाब जास्त. कॅप्सूल काढून टाकली, कॅप्सूलची जागा उघडणारा-मिटणारा लिव्हर उघडा ठेवला, म्हणजे पुढे अडथळा नको. (काही मशीन्स लिव्हर उघडा असताना पंप चालू करत नाहीत. तिथे लिव्हर बंद करा, पण आत कॅप्सूल नको.) बटण दाबून टाकी तळहाताने घट्ट खाली दाबून धरली. पंप थोडा वेळ चालवायचा, थांबवायचा, थंड होऊ द्यायचा. हे पंप सलग चालायला बनवलेले नसतात. त्यांच्या अंगावरच किती वेळ चालवा आणि किती वेळ थांबा ते छापलेलं असतं. त्याने भागलं नाही तेव्हा बिनसुईची सिरिंज घेतली, मशीनचा प्लग काढला, आणि टाकी बसते त्या भोकात हळूहळू पाणी सोडलं. बुडबुडे वर आले. पाणी आत जाईना तोवर थांबत थांबत देत राहिले. मग आजूबाजूला सांडलेलं पाणी कोरडं पुसलं, टाकी बसवली, प्लग लावला.

पहिल्यांदा नळीतून नुसती फुरफुर आली, दोनचार थेंब उडाले, पुन्हा खडखडाट, आणि मग एकदम आवाज खाली उतरला. तो बदल ऐकला की धार दिसायच्या आधीच कळतं. दिवे स्थिर झाले.

मुलीला एवढंच सांगितलं की पाणी संपत आलं असताना कॉफी काढायची नाही. टाकी मध्येच रिकामी झाली तरी हेच होतं.

आवाज दबलेला असता तर मी पुढच्या टोकाला गेले असते. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅप्सूलची जी मूळ पद्धत आहे, एरिक फाव्र या स्विस इंजिनियरने नेस्लेत विकसित केलेली, १९७६ साली पेटंट झालेली आणि १९८६ पासून नेस्प्रेसो नावाने विकली जाणारी, तिच्यात लिव्हर मिटला की कॅप्सूलच्या मागच्या बाजूला बारीक भोकं पडतात. पुढचा पातळ पत्रा मात्र आधी फोडलेला नसतो. आत पाण्याचा दाब वाढला की तो पत्रा समोरच्या उंचवट्यांच्या जाळीवर दाबला जातो आणि तिथे फाटतो. म्हणजे जाळीवर कॉफीचा जुना, तेलकट थर बसला असेल तर पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. कॅप्सूल न घालता गरम पाणी सोडायचं, मशीन थंड करून प्लग काढायचा, आणि मऊ ब्रशने जाळी घासायची. ज्या मशीन्समध्ये कॅप्सूलला वरून सुई टोचते तिथे सुईचं भोक तुंबतं. काही कंपन्या त्यासाठी बारीक पिन सोबत देतात, ती बहुधा टाकीच्या मागे खोचलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कॅप्सूल घातल्यावर धार मंद आणि कॅप्सूल नसताना धार चांगली, असं असेल तर दोष या टोकाला. दोन्ही वेळा मंद असेल तर क्षार.

आता क्षारांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज डिस्केलिंगच्या, म्हणजे आतला क्षार औषधाने काढायची आठवण करून देणाऱ्या, दिव्याबद्दल आहेत.

हा दिवा क्षार बघत नाही. बहुतेक घरगुती मशीन्सच्या आत क्षाराचा थर मोजणारं काहीही नसतं. मशीन फक्त आजवर किती पाणी गेलं ते मोजतं, म्हणजे तेच फ्लो मीटर, आणि त्याला तुम्ही सेटिंगमध्ये दिलेल्या पाण्याच्या कठीणपणाची जोड देतं. ठरावीक आकडा गाठला की दिवा लागतो. पाणी मऊ असून सेटिंग कठीणवर असेल तर दिवा उगाच लवकर लागेल. उलटं असेल तर दिवा लागायच्या कितीतरी आधी आत थर जमलेला असेल, आणि हे जास्त वाईट. पाण्यात लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते फार कठीण पाणी समजतात; ६० च्या आत मऊ. मशीनसोबत बऱ्याचदा कागदाची टेस्ट स्ट्रिप येते. ती पाण्यात बुडवून रंग बघा आणि सेटिंग तसं करा. लोक ही पट्टी खोक्यातच ठेवतात.

दुसरी गोष्ट याच्याच पोटात आहे. दिवा आकड्यावर चालतो, म्हणून नुसतं डिस्केलिंगचं पाणी मशीनमधून सोडून दिवा विझत नाही. क्षार निघून गेला असेल, पण आकडा तिथेच आहे. मशीनला डिस्केलिंग मोडमध्ये न्यावं लागतं (बहुतेक वेळा दोन बटणं एकदम काही सेकंद दाबून), त्याच मोडमध्ये पाणी पूर्ण फिरवावं लागतं, धुवावं लागतं, आणि मग मोडमधून नीट बाहेर यावं लागतं. तेव्हाच आकडा शून्यावर जातो. मधेच प्लग काढला तर पुष्कळ मशीन्स अर्ध्या मोडमध्येच अडकून राहतात. बटण दाबलं की कॉफीऐवजी भलतंच काहीतरी करतात, दिवे विचित्र लुकलुकतात, आणि घरच्यांना वाटतं मशीन गेलं. अशा मशीनला दुरुस्ती लागतच नाही. मॅन्युअल उघडून तो मोड पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा केला की ते जागेवर येतं.

क्षार जमतो कसा, तेही सांगते. कठीण पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बसतं, तेही सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हीटरच्या अरुंद वाटेत. या मशीन्समध्ये पाणी साठवून तापवत नाहीत, धातूच्या ठोकळ्यातल्या बारीक वाटेतून जाता जाता तापवतात. त्या वाटेच्या भिंतीवर हा थर चढला की दोन गोष्टी होतात. वाट अरुंद होते, म्हणून धार मंदावते. आणि थरातून उष्णता नीट जात नाही, म्हणून ठोकळा तापलेला असला तरी पाणी कोमट निघतं. कॉफी पूर्वीपेक्षा कोमट आणि हळू यायला लागली तर दिव्याची वाट बघू नका, डिस्केलिंग करा. इथे तुमची जीभ त्या दिव्यापेक्षा जास्त खरं सांगते.

डिस्केलिंगला कंपनीने सांगितलेलं औषध वापरावं. त्यात बहुधा सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल असतं. व्हिनेगरला माझा ठाम विरोध आहे. त्याचा वास कितीही धुतलं तरी कॉफीत येत राहतो, रबराच्या कड्यांना ते मानवत नाही, आणि बहुतेक उत्पादक ते वापरू नका असं स्पष्ट लिहितात. सायट्रिक आम्ल लोक घरच्या घरी विरघळवतात, त्यात एक धोका आहे. क्षाराशी संयोग होऊन कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, आणि ते गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतं. द्रावण फार तीव्र केलं तर हेच सायट्रेट त्या अरुंद वाटेत गोठून बसतं, आणि मग ते काढणं मूळ क्षारापेक्षा अवघड. तेव्हा 'जास्त घातलं की जास्त साफ' हा हिशेब इथे चालत नाही.

आमच्या मशीनचं डिस्केलिंग त्याच दिवशी उरकून घेतलं. एवढे दिवस बंद होतं, आत काय काय वाळून बसलं असेल या विचाराने. नळीखाली मोठं भांडं ठेवलं. पहिलं पाणी गढूळ आलं, वर बारीक फेस. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा, आम्ल क्षारावर काम करतंय याची खूण. भांड्याच्या तळाशी वाळूपेक्षा थोडे मोठे, पिवळसर पांढरे कण साचले. बोटांत चिरडले तर करकर लागली. तेच पाणी पुन्हा टाकीत घालायचं असेल तर हे कण आधी गाळून घ्या, नाहीतर ते फ्लो मीटरच्या चाकात जाऊन बसतील आणि एक दिवा विझवायच्या नादात दुसरा लागेल. नंतरच्या फेऱ्यांत फेस कमी होत गेला, शेवटी पाणी नितळ आलं. मग टाकी धुऊन साध्या पाण्याने आतून भरपूर धुतलं, अगदी चव घेऊन आंबटपणा गेल्याची खात्री होईपर्यंत.

बारकोडवर चालणाऱ्या मशीन्सची गोष्ट वेगळी. टॅसिमो २००४ साली आलं, नेस्प्रेसोचं व्हर्चुओ २०१४ साली. दोन्हींत कॅप्सूलवर बारकोड असतो आणि किती पाणी, किती गरम, हे मशीन त्यावरून ठरवतं. व्हर्चुओत तर कॅप्सूल मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत फिरते आणि बारकोड तिच्या काठावर गोलाकार छापलेला असतो. इथे दिवा तक्रार करायला लागला तर पाण्याच्या मागे लागायच्या आधी वाचणारी काच बघा. तिच्यावर कॉफीचा एक वाळका शिंतोडासुद्धा पुरतो. ओलसर मऊ कपड्याने पुसायची, कोरडी करायची. बारकोड चुरगळला असेल तर दुसरी कॅप्सूल घालून बघायची.

रंगांचं मात्र कुणाचं ऐकू नका, माझंही नाही. डोल्चे गुस्तोच्या मशीन्समध्ये लाल दिवा लुकलुकतो तेव्हा पाणी तापत असतं आणि हिरवा म्हणजे तयार. दुसऱ्या मशीनवर तोच लाल दिवा बिघाडाचा असतो. केशरी रंग कुठे डिस्केलिंगचा, कुठे पाणी संपल्याचा. मशीनच्या बुडाखाली किंवा ठिबक ट्रेच्या मागे मॉडेल नंबर असतो, त्या नंबरचंच मॅन्युअल बघायचं. नाव तेच आणि मॉडेल वेगळं असलं तरी दिव्यांचा अर्थ बदलू शकतो.

लागोपाठ खूप कप काढले, किंवा वाफ वापरली, की मशीन जास्त तापल्याचा दिवा येतो. त्याला उपाय विश्रांती. बंद करून वीसेक मिनिटं सोडून द्या. प्लग काढून लावल्याने मशीनची इलेक्ट्रॉनिक्स पहिल्यापासून सुरू होते, त्याचा कधीकधी उपयोग होतोही, पण ठोकळा गरम आहे तो गरमच राहतो आणि तापमानाचा सेन्सर खरं तेच सांगत राहतो. थंड झाल्यावरही, टाकी भरलेली असताना, पंप सुरूसुद्धा न होता दिवे लगेच लुकलुकत असतील तर त्या सेन्सरची वायर सुटलेली असू शकते. ते बाहेरून होणारं काम नाही.

माझी सीमा इथे. जळका वास आला, मशीनच्या बुडाखालून पाणी यायला लागलं, किंवा लावताच घराचा ब्रेकर पडला, तर लगेच प्लग काढते आणि पुन्हा लावून बघत नाही. आत घरच्या विजेचा पूर्ण दाब आणि पाणी एकमेकांच्या अगदी शेजारी असतात. हीटरला थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) असतो, तो एकदा उडाला की कायमचा. तो वायरने जोडून मशीन चालवल्याचे प्रकार मी ऐकले आहेत. असं कुणी सुचवलं तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका. बऱ्याच मशीन्सचे स्क्रू अंडाकृती डोक्याचे असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने न निघणारे. मला इन्स्ट्रुमेंटचं काम येतं तरी वॉरंटी असताना मी ते काढत नाही.

सर्व्हिसला फोन करायचाच झाला तर नुसतं "लाइट लागलीये" म्हणू नका. मॉडेल नंबर, कोणता दिवा, सावकाश लुकलुकतो की भराभर, बटण दाबायच्या आधी की नंतर, पंपाचा आवाज कोरडा आहे की दबलेला, कॅप्सूल नसताना धार येते का, शेवटचं डिस्केलिंग कधी केलं, एवढं लिहून ठेवा आणि आवाजासकट छोटा व्हिडिओ काढा. आमच्याकडे ही माहिती मशीनच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर असते. त्यावर आता डिस्केलिंगची नवीन तारीख मुलीने लिहिली आहे, आणि पाण्याच्या कठीणपणाचं सेटिंगही.